पेशीपर्यंतचा लांबचा रस्ता: अँटिऑक्सिडंट आणि नॅनोजेल

दादर किंवा पार्ल्यातल्या एखाद्या मोठ्या औषधांच्या दुकानात काउंटरशेजारच्या फळीवर नजर टाकली, तर हळदीतल्या कर्क्युमिनच्या गोळ्या, ग्रीन टीचा अर्क, द्राक्षबियांचा अर्क आणि आवळ्याच्या कॅप्सूल एका ओळीत मांडलेल्या दिसतात, आणि बहुतेक डब्यांवर ‘अँटिऑक्सिडंट’ हा शब्द ठळक अक्षरांत छापलेला असतो. त्या दाव्याला खोटे म्हणता येत नाही. हे पदार्थ परीक्षानळीत मुक्त मूलकांना, म्हणजे जोडीविना इलेक्ट्रॉन असलेल्या अतिक्रियाशील कणांना, निष्प्रभ करतात, हे रसायनशास्त्राच्या कोणत्याही बऱ्या प्रयोगशाळेत एका दुपारी दाखवता येते. अडचण त्यापुढची आहे. गिळलेल्या गोळीतले द्रव्य आतड्यातून रक्तात, रक्तातून अवयवात आणि तिथून प्रत्यक्ष पेशीच्या आत, शाबूत स्वरूपात आणि पुरेशा प्रमाणात पोहोचते का, हा खरा प्रश्न आहे. आणि कर्क्युमिनसारख्या पदार्थांच्या बाबतीत त्याचे उत्तर बहुतांशी नकारार्थी आहे. हा रस्ता पार करण्यासाठी जे अनेक उपाय तपासले जात आहेत, त्यांपैकी पाण्याने फुगलेल्या अतिसूक्ष्म जेलकणांचा, म्हणजे नॅनोजेलचा, उपाय येथे समजून घ्यायचा आहे.

आधी पेशीत नेमके बिघडते काय, ते पाहिले पाहिजे. पेशीतील मायटोकॉन्ड्रिया ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करतात. या प्रक्रियेत इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे सोपवले जात असताना काही थोडे इलेक्ट्रॉन वाटेतच निसटतात आणि ऑक्सिजनला चिकटून सुपरऑक्साइड नावाचे मूलक तयार होते. पेशीतले एक विकर (एन्झाइम) त्याचे हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये रूपांतर करते; हे विकर जो मॅककॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये ओळखले. हायड्रोजन पेरॉक्साइड स्वतः फारसे आक्रमक नाही, पण जवळपास मोकळे लोह असले, तर त्यापासून हायड्रॉक्सिल मूलक तयार होते, आणि ते समोर येईल त्यावर तत्क्षणी तुटून पडते: पेशीपटलातील मेद, प्रथिने, डीएनए, काहीही. तंबाखूचा धूर, अतिनील किरण, वाहनांच्या धुरातले सूक्ष्म कण आणि दीर्घकाळ वाढलेली रक्तशर्करा यांनी ही निर्मिती वाढते. निर्मिती आणि बंदोबस्त यांचा तोल निर्मितीच्या बाजूने ढळला, की त्या स्थितीला ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. ही संकल्पना हेल्मुट झीस यांनी १९८५ मध्ये मांडली.

येथवरचे वर्णन जाहिरातीला सोयीचे आहे. गैरसोयीचा भाग असा, की मुक्त मूलके ही केवळ घाण नव्हे. पांढऱ्या पेशी जंतूंना मारण्यासाठी ती मुद्दाम तयार करतात, आणि अल्प प्रमाणातले हायड्रोजन पेरॉक्साइड पेशींच्या अंतर्गत संदेशवहनात वापरले जाते. शिवाय पेशी निःशस्त्र नसते. तिच्याकडे ग्लुटाथायोन नावाचा स्वतःचा अँटिऑक्सिडंट मिलिमोलर पातळीवर, म्हणजे आहारातल्या कोणत्याही वनस्पतिजन्य द्रव्याच्या कितीतरी पट, साठवलेला असतो. त्यामुळे ‘जितके अँटिऑक्सिडंट जास्त तितके बरे’ या समजुतीची जेव्हा माणसांवर नीट परीक्षा झाली, तेव्हा निकाल धक्कादायक आले. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीत बीटा-कॅरोटीन घेणाऱ्या गटात फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी जास्त आढळले. तो अहवाल १९९४ चा आहे. अमेरिकेतली तशीच एक चाचणी, ज्यात बीटा-कॅरोटीनबरोबर अ जीवनसत्त्वही दिले जात होते, १९९६ च्या जानेवारीत मुदतीपूर्वी थांबवावी लागली, कारण तिथे हीच वाढ २८ टक्के दिसत होती. रक्तात सरसकट अँटिऑक्सिडंट ओतणे हा उपाय नव्हे, हे या दोन चाचण्यांनी पुरेसे स्पष्ट केले आहे, आणि तरीही फळीवरचे डबे कमी झालेले नाहीत. ज्या पेशीत ताण आहे त्या पेशीत, ताण आहे तेव्हा आणि लागेल तेवढेच द्रव्य पोहोचवता आले, तर मात्र चित्र वेगळे असू शकते. नॅनोजेलच्या संशोधनामागचा मूळ तर्क हा आहे.

आता कर्क्युमिनकडे वळू. हळदीच्या भुकटीत ते आणि त्याची भावंडे मिळून साधारण दोन ते पाच टक्के असतात. १८१५ मध्ये ते प्रथम वेगळे केले गेले आणि १९१० मध्ये त्याची रासायनिक रचना निश्चित झाली, म्हणजे ते काही नवे द्रव्य नाही. ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. तेलात मात्र विरघळते, म्हणून फोडणीत हळद टाकण्याची आपली पद्धत रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही योग्यच आहे. दुसरी अडचण त्याहून मोठी आहे: शरीराच्या तापमानाला आणि रक्ताच्या जवळपासच्या पीएचला साध्या बफरमध्ये ठेवलेले कर्क्युमिन अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के विघटित होते. जे थोडेफार आतड्यातून शोषले जाते, त्याला आतड्याची भिंत आणि यकृत ग्लुकुरोनाइड किंवा सल्फेट जोडून बाहेरच्या वाटेला लावतात. दिवसाला कित्येक ग्रॅम कर्क्युमिन दिलेल्या माणसांच्या रक्तातही मूळ स्वरूपातले कर्क्युमिन नगण्यच आढळले आहे.

येथे मिऱ्याचा दाखला हमखास दिला जातो. बंगळूरमध्ये झालेल्या आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दोन ग्रॅम कर्क्युमिनबरोबर वीस मिलिग्रॅम पायपरीन, म्हणजे मिऱ्यातले तिखट द्रव्य, दिल्यावर माणसांच्या रक्तातली उपलब्धता वीसपट वाढली. बाजारातल्या कित्येक गोळ्यांवर हा आकडा अभिमानाने छापलेला असतो. पण जवळजवळ शून्याची वीसपटही फार मोठी संख्या होत नाही, आणि पायपरीन हे साधते ते आतड्यातल्या आणि यकृतातल्या विकरांना अडवून. ही विकरे इतर औषधांचाही निचरा करत असल्यामुळे रोज चार-पाच गोळ्या घेणाऱ्या वयस्कर माणसाने हा प्रयोग डॉक्टरांना न सांगता करू नये.

हळदीच्या बाबतीत मुंबईकरांना आठवणारी दुसरी घटना पेटंटची आहे. जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेले आणि भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुन्या भारतीय ग्रंथांचे पुरावे मांडल्यावर ते १९९७ मध्ये रद्द झाले. त्या वेळी परिषदेचे महासंचालक असलेले डॉ. रघुनाथ माशेलकर हे माटुंग्याच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे, म्हणजे आजच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीचे (आयसीटी), विद्यार्थी, आणि त्यांचे स्वतःचे संशोधन पॉलिमर आणि जेल यांवरचे. हळद आणि जेल यांचा असा योग जुळून आलेला असला, तरी त्या लढ्याने हळदीच्या ज्ञानावर हक्क कोणाचा एवढेच ठरले. कर्क्युमिन पेशीपर्यंत न्यायचे कसे, हा प्रश्न तिथल्या तिथे राहिला.

इतर द्रव्यांच्या तऱ्हा वेगवेगळ्या आहेत. ग्रीन टीमधले मुख्य कॅटेचिन पाण्यात विरघळते, पण उदासीन पीएचला टिकत नाही. द्राक्षाच्या सालीतले रेझवेराट्रॉल आतड्यातून चांगले शोषले जाते, मात्र त्याचा चयापचय इतक्या वेगाने होतो की मूळ रेणू रक्तात क्वचितच सापडतो, आणि उजेडात त्याचा आकारही बदलतो. कोकमाचा लाल रंग ज्या अँथोसायनिनमुळे येतो, ते आम्लात स्थिर आणि आम्ल कमी होताच अस्थिर. कांद्यातल्या क्वेर्सेटिनची विद्राव्यता जवळपास कर्क्युमिनच्याच पंक्तीतली आहे.

जेल म्हणजे काय, हे सांगायला मुंबईच्या घरांतली चायना ग्रासची जेली पुरेशी आहे. समुद्री शेवाळातून मिळणाऱ्या अगारचा एखादा चमचा भांडेभर पाण्यात उकळून थंड केला, की वडी पडते. तिच्यात शंभरातले जवळजवळ नव्व्याण्णव भाग पाणीच असते, तरी ते ओघळत नाही. अगारच्या लांब साखळ्या एकमेकींत ठिकठिकाणी गुंतून जाळे तयार होते आणि पाणी त्या जाळ्याच्या घरांत अडकते. साखळ्यांमधल्या या गाठी कशाच्या आहेत, त्यावर जेलचा स्वभाव ठरतो. चायना ग्रासच्या गाठी उष्णतेने सुटतात; काही जेलच्या गाठी आम्लाने सुटतात, काहींच्या विशिष्ट रसायनाने, तर काहींच्या कशानेच सुटत नाहीत.

वैद्यकात असे जेल नवे नाहीत. चेकोस्लोव्हाकियातल्या ओट्टो विख्टेर्ले आणि द्राहोस्लाव्ह लिम यांनी १९६० मध्ये शरीराला सोसणाऱ्या कृत्रिम हायड्रोजेलविषयी लिहिले, आणि पुढच्या वर्षाच्या अखेरीस विख्टेर्ले यांनी मुलांच्या जोडणीच्या खेळण्याचे भाग वापरून घरच्या घरी यंत्र बनवले व त्यावर मऊ कॉन्टॅक्ट लेन्स घडवल्या. आपल्याकडे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने भाजलेल्या आणि चिघळलेल्या जखमांसाठी हायड्रोजेलच्या पट्ट्या विकसित केल्या आहेत. त्यांतल्या गाठी रसायनाने नव्हे, तर किरणोत्साराने पाडल्या जातात, आणि त्याच झपाट्यात पट्टीचे निर्जंतुकीकरणही होते. मला ही युक्ती फार देखणी वाटते, कारण गाठी पाडणारे रसायन वापरलेच नाही, तर ते नंतर धुऊन काढण्याची कटकटही उरत नाही.

नॅनोजेल म्हणजे असेच जाळे, पण कणाच्या स्वरूपात आणि साधारण वीस ते दोनशे नॅनोमीटर आकाराचे. शंभर नॅनोमीटरचे सत्तर-ऐंशी कण ओळीने मांडले, तर रक्तातल्या एका तांबड्या पेशीची रुंदी भरते. जपानमध्ये अकियोशी आणि सुनामोतो यांच्या गटाने १९९३ मध्ये पुल्युलान नावाच्या शर्करासाखळीवर कोलेस्टेरॉलचे रेणू टाचून असे कण तयार केले. पाण्यात टाकताच कोलेस्टेरॉलचे पाणीविरोधी तुकडे आपसांत एकत्र येतात, साखळी त्यांच्याभोवती गोळा होते, आणि गाठी आपोआप पडतात. ही रचना कर्क्युमिनसाठी मोलाची आहे. एरवी कोणीही विचारेल, की जे द्रव्य पाण्याला घाबरते ते पाण्याने भरलेल्या जेलमध्ये राहील कसे? उत्तर असे, की जेल पाण्याने भरलेले असले, तरी त्याच्या आत कोलेस्टेरॉलसारख्या तुकड्यांचे किंवा सायक्लोडेक्स्ट्रिन नावाच्या शर्करेच्या पोकळ कड्यांचे छोटे कोरडे कप्पे ठेवता येतात, आणि कर्क्युमिन त्या कप्प्यांत बसते. पाण्याशी संपर्क कमी झाला, की विघटनही मंदावते.

मुंबईच्या दृष्टीने सर्वांत जवळचे साहित्य म्हणजे कायटोसान. ससून डॉकला पहाटे उतरलेली कोळंबी सोलणाऱ्या बायकांच्या पायाशी टरफलांचे जे ढीग साचतात, त्यांत कायटिन नावाची शर्करासाखळी असते. टरफले आधी आम्लात बुडवून त्यातला चुना काढतात, मग अल्कलीने प्रथिने काढतात, आणि उरलेले कायटिन तीव्र व गरम अल्कलीत शिजवले की त्याचे कायटोसान होते. ही पांढरट, बिनवासाची भुकटी हातात घेतल्यावर तिचा गोदीशी काही संबंध असेल, असे वाटत नाही. साध्या पाण्यात ती विरघळत नाही. सौम्य ॲसेटिक आम्लात, म्हणजे व्हिनेगरमधल्याच आम्लात, विरघळते, कारण आम्लात तिच्या अमिनो गटांवर धन भार येतो आणि साखळ्या एकमेकींना दूर लोटतात.

या साखळ्यांपासून नॅनोजेल करण्याची पद्धत स्पेनमधल्या मारिया होसे अलोन्सो यांच्या गटाने १९९७ मध्ये प्रसिद्ध केली, आणि ती इतकी साधी आहे की आज औषधनिर्माणशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थीही ती सर्रास वापरतात. एका चंचुपात्रात कायटोसानचे पातळ द्रावण चुंबकीय ढवळणीवर फिरत असते. अल्कोहोलमध्ये विरघळवलेले कर्क्युमिन त्यात आधी मिसळलेले असते, त्यामुळे द्रावण पिवळे, पण पारदर्शक दिसते. त्यात सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेटचे द्रावण थेंबाथेंबाने सोडायचे. फॉस्फेटवर अनेक ऋण भार असतात. एकेक फॉस्फेट दोन-तीन ठिकाणी धन भारांना धरते आणि गाठी पडू लागतात. सुरुवातीच्या थेंबांनी काहीच दिसत नाही. मग एका क्षणी द्रावणावर दुधाळ, किंचित निळसर झाक येते; पात्राच्या एका बाजूने लेझरचा ठिपका मारला तर आतून प्रकाशाची सरळ रेघ उमटते, आणि कण तयार झाले हे डोळ्यांना कळते. येथे हात आवरावा लागतो. फॉस्फेट थोडे जास्त झाले, की कण एकमेकांना चिकटून पुंजके होतात आणि तळाशी गाळ बसतो. तो पुन्हा सुटा होत नाही.

कण तयार झाल्यावर त्यांचा आकार आणि पृष्ठभागावरचा भार मोजतात, आणि किती कर्क्युमिन आत अडकले ते काढतात. त्यासाठी अडकलेले आणि मोकळे कर्क्युमिन वेगळे करून ४२५ नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश किती शोषला जातो ते पाहतात. हा टप्पा कंटाळवाणा आहे, पण चुका येथेच शिरतात. न विरघळलेल्या कर्क्युमिनचे स्वतःचे बारीक कणही पाण्यात तरंगतात आणि यंत्राला ते नॅनोजेलच वाटू शकतात.

पेशीपटल हे मेदाचे दोनपदरी आवरण आहे. शंभर नॅनोमीटरचा कण त्यातून आरपार जाऊ शकत नाही, म्हणून पेशी त्याला गिळते: पटलाला खळगी पडते, ती खोल होत जाते, तिचे तोंड मिटते आणि कण एका पिशवीत बंद होऊन आत येतो. कायटोसानच्या कणावरचा धन भार येथे उपयोगी पडतो, कारण पेशीच्या पृष्ठभागावर बहुधा ऋण भार असतो आणि कण आधी तिथे चिकटतो. पण पिशवीत येणे म्हणजे पेशीत येणे नव्हे. पिशवीतले वातावरण हळूहळू आम्ल होत जाते, पीएच सहाच्या आसपास आणि पुढे पाचच्याही खाली उतरतो, आणि शेवटी ती पिशवी लायसोसोममध्ये, म्हणजे पेशीच्या पाचनकोठीत, रिती होते. तिथे विकरे बहुतेक सगळ्याचा फडशा पाडतात. आम्लात फुगणारे धनभारित पॉलिमर पिशवीत आयन आणि पाणी ओढून घेतात व ती फोडतात, असा एक सिद्धान्त नव्वदच्या दशकात मांडला गेला. त्याला पाठिंबा देणारे आणि खोडून काढणारे दोन्ही प्रकारचे प्रयोग उपलब्ध आहेत. पिशवीतून बाहेर पडणाऱ्यांचे प्रमाण अल्प असते, एवढे मात्र सर्वमान्य आहे.

येथे एक प्रामाणिक भेद करायला हवा, जो उत्साहाच्या भरात पुष्कळदा विसरला जातो. कर्क्युमिन हा छोटा, मेदप्रिय रेणू आहे. पेशीपटल त्याला अडवत नाही. तो पेशीच्या दारापर्यंत पोहोचला तर आत स्वतःच जाऊ शकतो, आणि लायसोसोमच्या भिंतीतूनही बाहेर झिरपू शकतो. त्याच्या बाबतीत नॅनोजेलचे खरे काम वाटेत सांभाळण्याचे आणि हळूहळू सोडण्याचे आहे. याउलट, सुपरऑक्साइडचा बंदोबस्त करणारे विकर किंवा पेरॉक्साइड फोडणारे कॅटालेज यांसारखी मोठी प्रथिने स्वतःहून पेशीत शिरूच शकत नाहीत, आणि त्यांना वाहकाशिवाय गत्यंतर नाही. एकाच वाहकाकडून दोन अगदी वेगळ्या कामगिऱ्या करून घेतल्या जातात, आणि एकीच्या यशावरून दुसरीचा अंदाज बांधता येत नाही.

द्रव्य नेमक्या जागी सुटावे यासाठी जेलच्या गाठींवरच बरेच कौशल्य खर्ची पडले आहे. सर्वांत हुशार गाठ मला डायसल्फाइडची वाटते. दोन गंधक-अणूंचा हा बंध रक्तात बराच टिकतो, पण ग्लुटाथायोन त्याला तोडते. आणि ग्लुटाथायोनचे प्रमाण पेशीच्या आत बाहेरच्यापेक्षा शेकडो पट जास्त असते. त्यामुळे जेल बाहेर बांधलेले राहते आणि आत आल्यावर उकलते. पण ज्या पेशीचा ताण घालवायचा, तिच्याच अँटिऑक्सिडंटचा थोडा साठा गाठी सोडवण्यात खर्च होतो. हा खर्च किती, हे जेलच्या मात्रेवर अवलंबून आहे, आणि शोधनिबंधांत त्याचा हिशेब क्वचितच मांडलेला दिसतो. दुसऱ्या प्रकारच्या गाठी बोरोनेट किंवा थायोकीटाल गटांच्या असतात आणि त्या हायड्रोजन पेरॉक्साइडसारख्या ऑक्सिडीकारक द्रव्यांनी तुटतात. जिथे ताण जास्त, तिथेच द्रव्य जास्त सुटणार, हा हिशेब बीटा-कॅरोटीनच्या चाचण्यांतून आलेल्या धड्याशी जुळणारा आहे. मायटोकॉन्ड्रियापर्यंत न्यायचे असेल, तर त्यांच्या आतल्या ऋण विद्युत विभवाचा, सुमारे दीडशे ते एकशे ऐंशी मिलिव्होल्टचा, फायदा घेऊन धनभारित मेदप्रिय गट द्रव्याला जोडतात.

आता ज्या भागाविषयी वाचकाने सर्वांत सावध राहावे, त्याकडे येऊ: हे सगळे काम करते, हे ठरवतात कसे? बहुतेक निबंधांत पेशी काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या ताटलीत वाढवतात, त्यांना हायड्रोजन पेरॉक्साइड देऊन ताण आणतात, आणि नॅनोजेल दिल्यावर ताण कमी झाला का ते एका रंगद्रव्याने पाहतात. हे रंगद्रव्य ऑक्सिडेशन झाले की सूक्ष्मदर्शकाखाली हिरवे चमकते. चमक कमी म्हणजे ताण कमी. पण निळ्या प्रकाशात कर्क्युमिन स्वतःच हिरवे चमकते. म्हणजे ताण खरोखर कमी झाला तरी ताटली हिरवी दिसू शकते, आणि ‘कर्क्युमिन पेशीत पोहोचले’ म्हणून दाखवलेले सुंदर हिरवे चित्र केवळ पेशीच्या पृष्ठभागाला चिकटलेल्या कणांचेही असू शकते. काळजीपूर्वक काम करणारे लोक जेलला वेगळ्या, बहुधा लाल, रंगाची खूण करतात आणि दोन्ही रंग वेगवेगळे तपासतात.

दुसरा सापळा जिवंत पेशी मोजण्याच्या चाचणीत आहे. एमटीटी या पिवळ्या द्रव्याचे जिवंत पेशी जांभळ्या स्फटिकांत रूपांतर करतात, आणि जांभळा रंग जितका गडद तितक्या पेशी जिवंत असे मानले जाते. पण हे रूपांतर म्हणजे क्षपण, म्हणजेच इलेक्ट्रॉन देणे, आहे, आणि अँटिऑक्सिडंटांचा तर धर्मच क्षपण करणे हा आहे. पेशी नसलेल्या भांड्यातही काही वनस्पतिजन्य द्रव्ये एमटीटीला जांभळे करतात. तिसरा सापळा उलट्या दिशेचा आहे: पेशी वाढवण्याच्या माध्यमात ग्रीन टीच्या कॅटेचिनसारखी द्रव्ये हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून स्वतःच हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतात, ही गोष्ट बॅरी हॅलिवेल यांच्या गटाने चांगली दाखवून दिली आहे. अशा वेळी पेशींनी दिलेला प्रतिसाद अँटिऑक्सिडंटला नसून पेरॉक्साइडला असतो. २०१७ मध्ये औषध-रसायनशास्त्रज्ञांच्या एका गटाने कर्क्युमिनवरच्या संशोधनाचा कठोर आढावा घेतला आणि असे मांडले, की नाना चाचण्यांत ‘यशस्वी’ ठरणारा हा अस्थिर रेणू पुष्कळदा चाचणीलाच फसवत असतो. हळदीविषयी कितीही जिव्हाळा असला, तरी हा आढावा वाचल्याशिवाय या विषयावर मत बनवू नये, असे मला वाटते.

म्हणून कोणताही निकाल पाहताना सोबत रिकाम्या नॅनोजेलची तुलना दिली आहे का, हे आधी शोधावे. कायटोसानला स्वतःचे परिणाम आहेत. त्याचा धन भार जास्त मात्रेत पेशीपटलाला इजाही करतो.

ताटलीतून शरीरात गेल्यावर अडथळे बदलतात. रक्तात शिरताच कणावर प्रथिनांचा थर बसतो आणि काळजीने रचलेला पृष्ठभाग त्याखाली झाकला जातो. मग यकृत आणि प्लीहा यांतल्या भक्षकपेशी बहुतेक कण उचलून घेतात. कर्करोगाच्या गाठींपर्यंत पोहोचणाऱ्या नॅनोकणांविषयीच्या अनेक वर्षांच्या प्राणिप्रयोगांचे २०१६ मध्ये एकत्रित विश्लेषण झाले, तेव्हा टोचलेल्या मात्रेपैकी गाठीत पोहोचणाऱ्या भागाचे मध्यक ०.७ टक्के निघाले. ते विश्लेषण नॅनोजेलपुरते नव्हते, पण रस्ता तोच आहे. तोंडावाटे द्यायचे म्हटले, तर जेलमधल्या फॉस्फेटच्या गाठी जठराच्या तीव्र आम्लात ढिल्या पडतात, आणि आम्लात टिकणाऱ्या अल्जिनेटचा वेगळा थर द्यावा लागतो.

एक गोष्ट मात्र आशा वाढवणारी आहे. कर्क्युमिनने एकेक मूलक स्वतः पकडावे, हे गणिताला धरून नाही, कारण ग्लुटाथायोनच्या साठ्यापुढे त्याचे प्रमाण किरकोळ राहणार. पण कर्क्युमिनसारखे रेणू पेशीतल्या एका संवेदक प्रथिनाला चिकटतात, त्याने धरून ठेवलेला एनआरएफ-२ हा घटक मोकळा होतो, केंद्रकात जातो आणि पेशीची स्वतःची संरक्षक विकरे व ग्लुटाथायोन तयार करणारी यंत्रणा सुरू करतो. यासाठी लागणारी मात्रा थोडी असते आणि परिणाम काही तास टिकतो. मंद गतीने थोडे थोडे द्रव्य सोडणाऱ्या वाहकाला हे काम साजेसे आहे.

त्यामुळे हे तंत्र रक्तात टोचण्याच्या औषधापेक्षा आधी तिथे उपयोगी पडेल जिथे यकृताशी गाठच पडत नाही: त्वचा, डोळ्याचा पृष्ठभाग, हिरड्यांमधले कप्पे, आतड्याचे अस्तर आणि जखमा. औषधांच्या दुकानांत ‘नॅनो’ लिहिलेल्या ज्या मलमाच्या ट्यूब आज मिळतात, त्यांतले सूक्ष्म घटक नॅनोजेलच असतील असे नाही. पुष्कळदा साध्या जेलमध्ये औषध बारीक करून किंवा थेंबांच्या रूपात मिसळलेले असते. मधुमेही रुग्णांच्या पायांवरच्या न भरणाऱ्या जखमा हे मला यातले सर्वांत रास्त लक्ष्य वाटते. तिथे पांढऱ्या पेशी आठवडेच्या आठवडे मूलके सोडत राहतात आणि भरून येणाऱ्या ऊतीलाच खातात, जखम उघडी असल्यामुळे वाहक थेट जागेवर ठेवता येतो, आणि हायड्रोजेलची पट्टी रुग्णालयांना आधीपासून परिचित आहे. अशा पट्टीत कर्क्युमिनचे नॅनोजेल मिसळून बघायचे असेल, तर तुलना उघड्या जखमेशी करून भागणार नाही. ओली पट्टी नुसतीही जखम भरायला मदत करते. त्यामुळे एका गटाला तीच पट्टी, दुसऱ्याला रिकाम्या नॅनोजेलची पट्टी आणि तिसऱ्याला कर्क्युमिनसह पट्टी द्यावी लागेल, आणि पिवळा रंग पाहून कोणाला काय दिले हे रुग्णाला व परिचारिकेला कळू नये म्हणून पहिल्या दोन पट्ट्याही पिवळ्या रंगवाव्या लागतील.